न पचणारा घास

आषाढातल्या एका सकाळी गिरिजा मगदूमच्या घरासमोर बिनचालकाची पांढरी गाडी येऊन थांबली. उतरणाऱ्या माणसाचं तोंड दिसायच्या आधीच तिला वास आला. कच्च्या मांसाचा, ओल्या लोखंडासारखा. जखम कुजली की वेगळा वास येतो, पण कुजायला जिवाणू लागतात आणि या जखमेत एकही जिवाणू उरलेला नव्हता. असा वास तिनं आयुष्यात एकदाच घेतला होता, नवऱ्याच्या उशाशी बसून.

मग माणूस दिसला. कुबडीवर रेललेला, दाढी पिकलेली, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्ट्या. डॉ. केदार सबनीस. एकेकाळचे तिचे मार्गदर्शक. 'व्रणामृत'चे जनक म्हणून ज्यांचा फोटो औषधांच्या दुकानांतून लागलेला असे, तेच.

"गिरिजा," ते म्हणाले, "आत येऊ?"

"नको. ओट्यावर बसा."

ती आत गेली, गॅस बंद केला, हात धुतले आणि दाराआड उभी राहिली. ओट्यावर टेकताना त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागला. गिरिजानं ते सगळं डोळे भरून पाहिलं. आठ वर्षं ती याचीच वाट पाहत होती.

या दोघांत काय घडलं होतं ते कळायचं तर आधी अमिबा कसा जेवतो ते सांगायला हवं. अमिबाला तोंड नाही, जीभ नाही, पोट नाही. सगळा जीव म्हणजे एक पेशी, जेलीचा सूक्ष्म थेंब. भक्ष्य जवळ आलं की तो आपल्याच अंगाचा भाग हातासारखा पुढे सारतो, दुसऱ्या बाजूनं दुसरा हात आणतो. मिठी पुरी झाली की भक्ष्य त्याच्या अंगात असतं, पाण्याच्या एका बुडबुड्यात कोंडलेलं. तो बुडबुडा हेच त्याचं तात्पुरतं पोट. त्यात आधी आम्ल उतरतं आणि भक्ष्य मरतं. मग पाचक रस उतरतात, भक्ष्याचं पाणी होतं आणि ते पेशीत झिरपतं. उरलेला चोथा मागे टाकून अमिबा पुढे सरकतो. प्रत्येक घासाला नवं पोट.

काय खायचं आणि काय सोडायचं, हे तो समोरच्याच्या अंगावरच्या खुणा चाचपून ठरवतो. गिरिजाला कृष्णाकाठच्या गाळात जी जात सापडली ती भलतीच चोखंदळ निघाली. जखमा नासवणारे, कुठल्याही औषधाला न जुमानणारे जिवाणू तिला आवडत. माणसाच्या पेशीला ती शिवत नसे. आणि खाणं संपलं की स्वतःभोवती टणक कवच करून झोपून जाई.

तोवर बहुतेक प्रतिजैविकं निकामी झाली होती. गुडघा खरचटला म्हणून पोरं दगावत होती. जखमेत हे अमिबे सोडायचे, त्यांनी जिवाणू खाऊन टाकायचे आणि झोपी जायचं, ही कल्पना गिरिजाची. प्रयोगशाळा, पैसा आणि नाव सबनीसांचं. त्यांना एकच गोष्ट खटकत होती. थोडं खाणं कमी पडलं की अमिबे झोपत, मग कोपऱ्याकापऱ्यात जिवाणू उरत आणि पुन्हा डोस द्यावा लागे. सबनीसांनी कवच बनवणारी जनुकंच काढून टाकली. नवी जात दुप्पट वेगानं खाऊ लागली आणि झोप विसरली.

त्या जातीनं सशांचं काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. जिवाणू संपले, भूक तेवढीच राहिली, झोप तर नाहीच. मग त्या जातीनं चोखंदळपणा सोडला आणि ससेच खायला घेतले. हे त्यांनी गिरिजाला सांगितलं नाही.

त्याच सुमारास तिचा नवरा अजित दूध संघाच्या टँकरखाली सापडला. पायाची जखम चिघळली, डॉक्टरांनी हात टेकले. गिरिजानं सबनीसांचे पाय धरले. त्यांनी नव्या जातीची बाटली जुनीच म्हणून दिली आणि तिनं स्वतःच्या हातानं ती जखमेत ओतली. आठवड्याभरात जखम स्वच्छ झाली. पुढच्या आठवड्यात पोटरी गेली, मग मांडी, मग अजित.

चौकशी झाली तेव्हा सबनीस हळहळत म्हणाले, "मगदूमबाईंकडून बाटल्यांची अदलाबदल झाली. नवऱ्याच्या काळजीत होत्या. मी त्यांना दोष देत नाही."

गिरिजाची नोकरी गेली, पदवी गेली. ती मिरजेला परतली आणि विहिरींचं, डेअऱ्यांचं पाणी तपासून देऊ लागली. सबनीसांनी जुनी जात गुंडाळून नवीच 'व्रणामृत' नावानं बाजारात आणली, फक्त जखम भरत आली की अमिबे मारायची एक गोळी सोबत दिली. ट्यूब आणि गोळी. जगभर खपली.

अजितला न्यायच्या आधी गिरिजानं त्याच्या पायावरची शेवटची पट्टी काढून घेतली होती. त्या पट्टीतले अमिबे तिनं काचेच्या थाळीत उतरवले, शिजलेल्या भाताची शितं टाकून त्यांच्यासाठी जिवाणू वाढवले, आणि दर आठवड्याला नवं पाणी, नवी शितं देत आली. ज्यांनी अजितला खाल्लं त्यांना ती जेवू घालत होती. तिची मुलगी मैना कॉलेजात असताना एकदा किळसून म्हणाली होती, "आई, फेकून दे ना ते!"

"साक्षीदार आहेत," गिरिजानं उत्तर दिलं होतं. पण हाकलून दिलेल्या बाईनं स्वयंपाकघरात परवान्याशिवाय वाढवलेले साक्षीदार कोण मानणार?

आता मात्र दिवस पालटले होते. अमिबे गोळीला सरावले होते. गावोगाव 'व्रणामृत' लावलेल्या जखमा भरेनात. आणि सबनीसांना साखरेचा आजार होता. टाचेला झालेल्या लहानशा जखमेवर त्यांनी विश्वासानं स्वतःचंच औषध लावलं होतं.

गिरिजा ओट्यावर आली.

"पाय कापू म्हणतात," सबनीस म्हणाले. "पण ते कुठवर चढलेत ते कुणालाच कळत नाही. तू काहीतरी लेप देतेस असं कानावर आलं. मुलगी नर्स आहे ना तुझी? तिच्या हॉस्पिटलात एका बाईचा पाय वाचला म्हणे."

"घास देते," गिरिजा म्हणाली. "दह्यातल्या जिवाणूंची एक जात मी वाढवलीय. तुमच्या अमिब्यांना ती मांसापेक्षा जास्त आवडते. ती मिळत राहिली तर ते मांस सोडतात. नाही मिळाली तर परत मांसाकडे वळतात."

"म्हणजे रोज?"

"रोज सकाळी. जन्मभर."

"त्यांना मारायचं काही नाही?"

आत जेवणाच्या टेबलावर एक थर्मासचा डबा बांधून ठेवलेला होता, सरकारी प्रयोगशाळेचा पत्ता घातलेला. त्याच दिवशी तो कुरिअरनं पुण्याला जायचा होता. गेल्या फाल्गुनात तिच्या एका थाळीतले अमिबे पटापट मरू लागले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिला कारण दिसलं. एक चिमुकला जिवाणू अमिबाच्या पोटात जात होता, पण पचत नव्हता. बुडबुड्यात आम्ल उतरूच देत नव्हता. आत बसून अमिबाच्याच अंगावर पोसत, वाढत जाई, एकाचे शंभर होत, आणि शेवटी खाणारा फुटून जाई. बाहेर, माणसाच्या रक्तामांसात, तो जगूच शकत नव्हता. डब्यात तो जिवाणू होता.

"नाही," गिरिजा म्हणाली. "मारायचं काही नाही."

तिनं लेप आणून लावला. तासाभरात सबनीसांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. ते तिचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला. ते गेल्यावर डबा उघडून तिनं आतली कुपी फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिली.

सबनीसांनी मिरजेत भाड्यानं घर घेतलं आणि ते रोज येऊ लागले. गिरिजा त्यांना ओट्यावर बसवून ठेवी. आधी भांडी, मग केर, मग पाण्याचे नमुने, मग त्यांचा पाय. एकदा ती मुद्दाम दाराला कुलूप लावून सांगलीला बहिणीकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच रमली. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा बोलण्याचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. "काम निघालं," ती म्हणाली. त्या दिवशी तिला भूक चांगली लागली. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

श्रावणात मैना हॉस्पिटलातून धावतपळत आली. "आई, दस्तगीरचाचांच्या हाताला झालंय."

दस्तगीर शिकलगार पलीकडच्या गल्लीत सतारी बनवत. अजितचे जिवलग. अजित गेला तेव्हा खांदा द्यायला पहिले तेच पुढे आले होते. दांडी तासताना पटाशी डाव्या हाताच्या बोटात घुसली होती, दवाखान्यात 'व्रणामृत' लावलं होतं, आणि गोळीचा उपयोग झाला नव्हता.

"लेप देते," गिरिजा म्हणाली.

तिनं दिला, रोज दिला. पण पायाच्या पसरट जखमेवर लेप टिकतो तसा बोटाच्या पेरात टिकत नाही. अमिबे हाडालगतच्या फटीत शिरले होते, तिथवर घास पोचत नव्हता.

"वहिनी, ही बोटं गेली की माझं संपलं बघा," दस्तगीरभाई म्हणाले. "तार दाबल्याशिवाय सतारीची परीक्षा कशी करू?"

"बघू, दस्तगीरभाई. थोडी कळ काढा."

घरी येऊन तिनं फ्रीज उघडला. कुपी हातात घेतली. दस्तगीरभाईंना ती दिली तर डॉक्टर विचारणार, मैना विचारणार, दुसऱ्या दिवशी गावभर होणार आणि तिसऱ्या दिवशी सबनीस धडधाकट पायांनी निघून जाणार. अजून थोडे दिवस, तिनं स्वतःला समजावलं. अजून त्यांनी पुरतं भोगलेलं नाही. लेपच जरा पातळ करून पाहू, खोल उतरेल. तिनं फ्रीज बंद केला.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, परतणारे शेजारीपाजारी हात जोडून एकमेकांची माफी मागत होते, "वर्षभरात मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा." ओट्यावर बसलेल्या सबनीसांनी ते पाहिलं. त्यांनीही हात जोडले.

"मलाही क्षमा कर, गिरिजा. जे झालं त्याबद्दल."

"काय झालं?"

"अजितचं... ते."

"झालं नाही. केलंत. काय केलंत ते मोठ्यानं सांगा. शेजारी ऐकतायत."

सबनीसांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "लेप लावतेस ना?"

तिनं निम्माच लेप लावला. त्याच दुपारी मैनाचा फोन आला. दस्तगीरचाचांची दोन बोटं काढावी लागली होती, अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

संध्याकाळी मैना घरी आली. तिनं चहा घेतला नाही. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ती प्रयोगाच्या टेबलावरच्या थाळ्या धुवायला काढू लागली. धुण्याआधी एकदा पाहावं म्हणून एक सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पाहतच राहिली.

"आई, यात सगळे फुटलेत. हे कशानं मेले?"

गिरिजानं थाळी काढून घ्यायला हात पुढे केला.

"आई, हे मरत नाहीत. मी रोज पेशंटना सांगते की हे मरत नाहीत. कशानं मेले?"

"मैना..."

"कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"फाल्गुनात सापडलं."

"आणि चाचांचं बोट श्रावणात." मैनाचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तू रोज जाऊन त्यांच्या हाताला लेप लावत होतीस. त्यांच्या तोंडाकडे बघत. का?"

"त्याला मिळालं असतं म्हणून!" गिरिजा ओरडली. "तुझ्या बापाला त्यानं जिवंत खायला घातलं आणि मी त्याला बरा करून पाठवू?"

"बाबांना त्यानं खायला घातलं ते नावासाठी. चाचांना तू घातलंस ते कशासाठी?"

मैनानं फ्रीज उघडला, बरणी बाजूला केली आणि कुपी घेतली. दारात थांबून ती म्हणाली, "मी हॉस्पिटलात जातेय. कुणी दिलं म्हणून विचारलं तर काय सांगू ते तू ठरव."

त्या कुपीतल्या जिवाणूंनी दस्तगीरभाईंचा उरलेला हात दोन दिवसांत अमिब्यांपासून सोडवला. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरिजा त्यांच्याकडे गेली. हॉस्पिटलातून आल्या आल्या ते कामाच्या खोलीत जाऊन बसले होते, भोवती वाळलेले भोपळे, मांडीवर अर्धवट दांडी. ती समोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. डबा, कुपी, बरणी, सांगलीला मारलेली चक्कर. काहीही गाळलं नाही.

दस्तगीरभाईंनी पट्टी बांधलेला हात दांडीवर ठेवला, जिथं पडदे बसवतात तिथं. दोन बोटांची जागा रिकामीच होती.

"अजितसाठी केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अजितनं असं करू दिलं असतं?"

ती रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "जा आता, वहिनी. मला काम आहे."

घरी आली तेव्हा सबनीस ओट्यावर होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जुनी चमक होती.

"मिरजेतल्या हॉस्पिटलात अमिबे मारणारा जिवाणू," त्यांनी मथळा वाचला. "नाव नाही छापलेलं. पण एवढं काम करणारं डोकं मला माहितेय. कधी सापडलं तुला?"

"फाल्गुनात."

"म्हणजे मी पहिल्यांदा आलो तेव्हा ते घरात होतं." सबनीस हसले. "छान. आता ऐक. दिल्लीहून चौकशी समिती येतेय, गोळी का फसली म्हणून. तू तिथं माझ्याविरुद्ध बोलणार, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्याजवळ पुरावा तो काय? अजितच्या जखमेतले जिवंत अमिबे, दुसरे कुठून असणार तुझ्याकडे? मांडलेस की विचारतील, त्यांच्यावर तू काय प्रयोग केलेस? हा जिवाणू कधी मिळाला? मग का दडवलास? देशभर माणसांचे हातपाय जात होते आणि तू इथं घास भरवत बसलीस. आपण दोघं एकाच होडीत आहोत, गिरिजा. तू गप्प, मी गप्प. शोध तुझ्या नावावर लागेल, ते मी पाहतो."

ते खरं होतं, तिला ते कळत होतं. साक्षीदार आणि तिचा गुन्हा एकाच थाळीत होते. एक दाखवायचा तर दुसरा दिसणारच.

ती आत गेली, मैनानं हॉस्पिटलातून आणून ठेवलेली छोटी कुपी घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"पाय पुढे करा."

"म्हणजे कबूल?"

"मी आत्ता दस्तगीर शिकलगारांकडून येतेय. त्यांना सगळं सांगून आले. दुपारी समितीला लेखी कळवणार आहे." तिनं पट्टी सोडवली, कुपीतले थेंब जखमेच्या कडेनं एकेक सोडले. "तुम्ही बरे होणार. पायही राहील. चौकशीला तुम्ही स्ट्रेचरवरून आलात तर लोकांना दया येईल. मला तुम्ही चालत आलेले हवे आहात."

सबनीसांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. तिनं घोटा घट्ट धरून ठेवला.

समिती मिरजेतच बसली. गिरिजानं थाळी मांडली. तज्ज्ञांनी थाळीतले अमिबे तपासले. कवचाची जनुकं जिथून कापली होती तिथं सबनीसांच्या औषध कंपनीनं पुढं स्वतःच्या नावावर नोंदवलेली जोडणी अक्षरशः तशीच होती. अजितला बाटली दिली तेव्हा ती जात फक्त सबनीसांच्या हातात होती, आणि गिरिजाला तिच्या असण्याचाही पत्ता नव्हता. सशांवर काम केलेला जुना सहायक दुसऱ्या दिवशी आपणहून पुढे आला. सबनीस आपल्या दोन पायांवर उभे राहून उत्तरं देत होते, आणि गिरिजा त्यांच्या तोंडावरून नजर हलवत नव्हती. एका प्रश्नाला त्यांना पाणी मागावं लागलं. तो क्षण तिला गोड लागला, तिनं स्वतःपाशी ते नाकारलं नाही.

मग तिची पाळी आली. तिनं फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंतचं सगळं सांगितलं. मैना शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती.

अखेर अध्यक्षबाईंनी दस्तगीरभाईंना बोलावलं. ते धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते. डावा हात त्यांनी टेबलावर सरळ ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"शिकलगार, गिरिजा मगदूम यांनी स्वतःहून सत्य सांगितलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "औषधही त्यांचंच. तुमचा उरलेला हात त्यामुळेच वाचला. त्या तुमच्या घरच्यासारख्या आहेत असंही कळतं. त्यांच्याबद्दल तुमची काही तक्रार आहे का? नसेल तर तसं नोंदवता येईल."

सभागृहात कुजबुज झाली. सबनीसांनीही मान वर केली.

दस्तगीरभाईंनी गिरिजाकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "तिनं औषध काढलं, ते खरं. तिनं ते दडवलं, तेही खरं. त्या साहेबांवर आहे तशी तिच्यावरही माझी तक्रार आहे. दोन्ही लिहा."

लिहिणाऱ्यानं अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी गिरिजाकडे.

"लिहा," गिरिजा म्हणाली.

समितीच्या अहवालावरून खटला चालला. सबनीसांना सात वर्षांची शिक्षा झाली, गिरिजाला दीड वर्षाची. तिला न्यायला गाडी आली तेव्हा मैना बाहेर उभी होती. ती जवळ आली नाही, पण गेलीही नाही. गाडी वळेपर्यंत गिरिजा मागच्या काचेतून तिला पाहत राहिली.